'मला काही नको' म्हणायच्या आधी

आमच्याकडं एखाद्या पोरीचा संसार मोडायला आला की घरात बैठक बसते. दोन्हीकडचे काका, मामा, लग्न जमवताना मध्ये असलेला एखादा माणूस. मग सगळं निघतं. दागिने कुणाकडं आहेत, लग्नात दिलेलं कपाट आणि भांडी परत मिळणार का, पोर कुणाकडं राहणार, खावटी किती, आणि अजून एकदा नांदायला पाठवून बघायचं का. फ्लॅट कुणाला यावर तासभर आवाज चढतात. पण त्या फ्लॅटवर बँकेचे बावीस लाख बाकी आहेत आणि पाच तारीख आली की हप्ता कुणाच्या तरी खात्यातून जाणारच आहे हे कुणी काढलं, तर "ते बघू की नंतर" म्हणून विषय बाजूला पडतो.

माझ्या अक्काच्या वेळी असंच झालं म्हणून हे लिहितोय. अक्काला आणि दाजींना विचारूनच लिहितोय. (वेगळे झाले तरी मी त्यांना दाजीच म्हणतो, दुसरं काही तोंडात येत नाही.) ते वेगळे का झाले ते लिहिणार नाही, ते त्यांचं आहे. मारझोड, दारू असलं काही नव्हतं एवढंच सांगतो, कारण तसं असेल तर गोष्ट पूर्ण वेगळी होते. तिथं आधी जीव सांभाळायचा, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं बाईला राहत्या घरात राहायचा हक्क आहे, घर तिच्या नावावर नसलं तरी.

तर त्या बैठकीत दोन तास झाल्यावर अक्का म्हणली, "मला काही नको, फक्त मला मोकळं करा." सगळ्यांना हायसं वाटलं. एक आजोबा म्हणले, पोरगी स्वाभिमानी आहे. आईच्या डोळ्यात पाणी आलं. मी अक्कलकोट रोडला टॉवेलच्या एका कारखान्यात अकाउंट्स बघतो, दिवसभर येणी-देणी डोळ्यासमोर असतात, त्यामुळं मला त्या वाक्याची भीतीच वाटली. कारण "मला काही नको" म्हणल्यावर घर जातं, कर्ज जात नाही. फ्लॅटवरचा हक्क ती एका सहीत सोडू शकत होती, कर्जातून मात्र तिला फक्त बँकच मोकळं करू शकत होती, आणि बँक त्या बैठकीत बसलेलीच नव्हती.

फ्लॅट २०१८ चा. जुळे सोलापुरात, टू बीएचके. दाजी पुण्यात नोकरीला, शुक्रवारी संध्याकाळी हुतात्मा एक्स्प्रेसनं यायचे. अक्का इथं शाळेत शिक्षिका. घर सोलापुरात घ्यायचं कारण पुण्यात परवडत नव्हतं आणि पोरगी इथल्या शाळेत होती. अशी कितीतरी घरं आहेत आपल्याकडं, नवरा पुण्यात, बायको-पोरं सोलापुरात, हप्ता दोघांचा. कर्ज पंचवीस लाख, वीस वर्षं. वरचे पैसे दाजींच्या बचतीतले, आणि तीन लाख आमच्या वडिलांनी एसटीतून रिटायर झाल्यावर मिळालेल्यातले घातले. अक्का को-अप्लिकंट, म्हणजे सहकर्जदार, झाली कारण दोघांचा पगार धरल्याशिवाय पंचवीस लाख बसत नव्हते.

आता आकडे बघा, आकडे बघितल्याशिवाय यातलं काहीच कळत नाही. साडेआठ टक्के व्याज धरलं तर पंचवीस लाखाचा वीस वर्षांचा हप्ता येतो २१,६९६ रुपये. पहिल्या हप्त्यातले १७,७०८ नुसते व्याजात जातात, मुद्दल कमी होतं चार हजारानं. दर तेवढाच राहिला असं धरून पाच वर्षं एकही हप्ता न चुकवता भरलं तर भरलेले होतात तेरा लाख, आणि बाकी राहतात बावीस लाख. म्हणजे तेरा लाख भरून मुद्दल कमी झालं तीन लाखानंसुद्धा नाही! प्रत्यक्षात दर खालीवर होतात, २०२२ च्या मेमध्ये रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं पैसे देते तो) चार टक्के होता तो २०२३ च्या फेब्रुवारीपर्यंत साडेसहा झाला, तेव्हा कित्येकांचा हप्ता तेवढाच राहिला पण मुदत वाढत गेली आणि बऱ्याच जणांना ते कळलंही नाही. संसार पाच-सात वर्षांत मोडला तर कर्ज अशा जागी असतं, भरलेलं बहुतेक व्याजात गेलेलं आणि मुद्दल जवळपास आहे तिथंच.

बैठकीत कुणी म्हणलं "अडतीस लाखाचं घर आहे", तर मी म्हणलं, घर अडतीसचं असेल पण बावीस बँकेचे आहेत. तुम्ही भांडताय ते सोळा लाखासाठी. हे बोलल्यावर पहिल्यांदा जरा शांतता झाली.

दुसऱ्या आठवड्यात अक्काला घेऊन बँकेत गेलो. तिथली ऑफिसर पोरगी तरुण होती, आमचं सगळं ऐकून घेतलं, मग फाईल काढून कर्जाच्या करारावरच्या दोन सह्या दाखवल्या. दाजींची सही मोठी, फर्राटेदार. अक्काची खाली, शाळेत पोरांच्या वहीत करते तशी स्वच्छ, पूर्ण नाव. ऑफिसर म्हणली, "मॅडम, तुमचं सेपरेशन तुमच्या दोघांत आहे, आमच्याकडं दोघांनी पूर्ण रकमेची जबाबदारी घेतलीय." पूर्ण रकमेची. निम्म्या निम्म्या नाही. १८७२ चा करार कायदा आहे, त्याच्या ४३ व्या कलमात हेच आहे की दोघांनी मिळून वचन दिलं तर समोरचा कुठल्याही एकाकडून सगळं वसूल करू शकतो, मग ज्यानं जास्त भरलं त्यानं दुसऱ्याकडून आपला वाटा मागायचा, ते त्या दोघांचं. कोर्टानं घटस्फोटाच्या हुकुमात "हप्ते नवऱ्यानं भरावेत" असं लिहिलं तरी बँक त्या केसमध्ये पार्टी नसते. नवऱ्यानं नाही भरले तर बँक बायकोला फोन करणारच, आणि त्यात बँकेचं काही चुकलं असं म्हणता येत नाही.

अक्कानं त्या दिवशी "मला काही नको" म्हणून सही केली असती तर काय झालं असतं बघा. घर दाजींचं. कर्ज दोघांचं. तिनं उद्या आपल्यासाठी छोटं घर घ्यायचं म्हणलं तर नवी बँक तिचा सिबिल रिपोर्ट (कुणावर किती कर्ज, हप्ते वेळेवर का, याची नोंद) काढणार, त्यात हा २१,६९६ चा हप्ता तिच्या नावावर चालू दिसणार, आणि तीस हजार पगारात नवं कर्ज बसणारच नाही. दाजींनी पुण्यात अडचणीत येऊन दोन हप्ते चुकवले तर स्कोअर हिचाही पडणार. नव्वद दिवसांपेक्षा जास्त थकलं की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज, मग २००२ च्या सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस, ती दोघांच्या नावानं, आणि त्यानंतर घराचा ताबा. ज्या घरात ती राहत नाही, ज्यावर तिचा हक्क नाही, त्याच्यासाठी.

उलटं पण तेवढंच खरं, हे मुद्दाम सांगतो कारण आमच्याकडच्या लोकांना दाजींची बाजू दिसतच नव्हती. घर अक्काला देऊन ते नुसते कर्जात राहिले असते तर त्यांना पुण्यात पुढची पंधरा वर्षं वन रूम किचनसुद्धा घेता आलं नसतं. पुण्यातलं भाडं आणि सोलापूरचा हप्ता. माणूस त्यात पिचून जातो, आणि पिचलेला माणूस हप्ता चुकवतो, मग ते पुन्हा अक्काच्याच अंगावर.

घराचा मालक असणं, कर्जाचा सहकर्जदार असणं आणि जामीनदार असणं, या तीन वेगळ्या सह्या आहेत, आणि लग्नाच्या भरात बायका तिन्ही ठिकाणी एका दमात सह्या करतात, कुठली कशाची ते कुणी सांगत नाही. बाईचं नाव घरावर यावं म्हणून सरकारनं चांगल्या गोष्टी केल्यात. महाराष्ट्रात २०२१ पासून घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे, पंतप्रधान आवासमध्ये घर बाईच्या किंवा दोघांच्या नावावर लागतं. सोलापूरजवळ कुंभारीच्या रे नगरमध्ये २०२४ च्या जानेवारीत पंधरा हजार घरं दिली, त्यात विडी वळणाऱ्या, यंत्रमागावर काम करणाऱ्या घरातल्या किती बाया आहेत. मला ते बघून खरंच भरून येतं. पण घराच्या कागदावर नाव आलं तसं कर्जाच्या कागदावरचं नाव म्हणजे काय हेही त्या बाईला कुणीतरी समोर बसून सांगायला पाहिजे.

आणखी एक गैरसमज म्हणजे "बायकोला निम्मं मिळतंच". आपल्याकडं तसा कायदा नाही. गोव्यात नवरा-बायकोच्या मालमत्तेची पद्धत वेगळी आहे, इथं नाही. दोघांच्या नावावर घर असेल तर कुणी किती पैसे घातले हा प्रश्न येतो, मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं ४५ वं कलम तेच सांगतं, ज्यानं जेवढं घातलं तेवढा त्याचा हिस्सा, आणि पुरावाच नसेल तर निम्मं-निम्मं धरतात. आमच्या वडिलांचे तीन लाख चेकनं गेले होते म्हणून पासबुकात सापडले. रोख दिले असते तर आज ते फक्त आईच्या आठवणीत असते. हे वाचणाऱ्या प्रत्येक आई-बापाला सांगतो, पोरीच्या घरासाठी पैसे द्या, पण बँकेतून द्या.

मार्ग काय काय होते? विकणं सगळ्यात सरळ. गिऱ्हाईकाच्या पैशातून आधी बँकेची बाकी फिटते, बँक कागद सोडते, उरलेलं दोघांत. कर्ज पूर्ण फिटलं की तीस दिवसांत मूळ कागद परत द्यायचे, उशीर बँकेमुळं झाला तर दिवसाला पाच हजार भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम डिसेंबर २०२३ पासून आहे. भाड्यानं देऊन हप्ता फेडू असं एक मामा म्हणले, पण जुळे सोलापुरात टू बीएचकेचं भाडं आणि हा हप्ता यांचा मेळच बसत नाही, आणि काही दिवसांआड पाणी, टँकर, मेंटेनन्स, भाडेकरूची कटकट, ही दोघांनी मिळून कशी बघायची? जे नवरा-बायको म्हणून जमलं नाही ते घरमालक म्हणून जमेल असं मला वाटत नाही. तिसरा मार्ग, एकानं घर आणि कर्ज दोन्ही घ्यायचं आणि दुसऱ्याचं नाव दोन्हीतून काढायचं. दोन्हीतून हा शब्द घट्ट धरायचा.

अक्काला घर हवं होतं. पोरीची शाळा तिथून चालत आहे, खालच्या मजल्यावरच्या काकू तिला शाळेतून आल्यावर बघतात. हे ती बैठकीत बोललीच नव्हती, मला घरी आल्यावर रात्री बोलली. म्हणली, "घर पाहिजे म्हणलं तर लोक म्हणतील पैशासाठीच केलं सगळं." मला फार वाईट वाटलं. जी बाई पाच वर्षं पगारातून निम्मा हप्ता भरत आली तिला स्वतःचं घर मागताना लाज वाटावी, ही आपली सगळ्यांची लाज आहे असं मला वाटतं.

दाजींबद्दल पण लिहायला पाहिजे. ज्या महिन्यांत ते दोघं एकमेकांशी एक शब्द बोलत नव्हते, वकिलामार्फत नोटिसा चालू होत्या, तेव्हासुद्धा दर महिन्याच्या तीन तारखेला दाजींचा निम्मा हप्ता अक्काच्या खात्यात यायचा आणि व्हॉट्सअपवर एकच शब्द, "पाठवले". अक्काचं उत्तर, "मिळाले". वर स्क्रोल केलं तर महिने न महिने तेवढंच. ते चॅट मला अक्कानं दाखवलं तेव्हा मला वाटलं की या दोघांत बोलणी होऊ शकतात, काका-मामांना बाजूला ठेवलं तर. मी पुण्याला जाऊन दाजींना भेटलो, सोबत फक्त कर्जाचं स्टेटमेंट नेलं, बाकी कुठला विषय काढायचा नाही असं ठरवून. चहा घेत आम्ही दोघांनी पेन्सिलीनं आकडे मांडले.

अडचण पगाराची होती. बँक ढोबळमानानं पगाराच्या निम्म्यापर्यंत हप्ता झेपेल असं धरते, अक्काच्या एकटीच्या पगारावर २१,६९६ बसत नव्हते. मला को-अप्लिकंट घ्या म्हणलं तर बऱ्याच बँका भाऊ-बहिणीची जोडी घेत नाहीत, वडिलांचं वय झालेलं. मग एकच उरलं, मुद्दल खाली आणायचं. दाजींनी एकरकमी पोटगी म्हणून सहा लाख द्यायचं ठरलं, आणि ते अक्काच्या हातात नाही, थेट कर्जाच्या खात्यात, आरटीजीएसनं, हे कन्सेंट टर्म्समध्ये (दोघांच्या संमतीनं ठरलेल्या अटींच्या कागदात) तसंच लिहून घेतलं. पोरीच्या शिक्षणाचं वेगळं ठरलं. अक्कानं आपले दागिने मोडून दोन लाख घातले, ज्या दागिन्यांवर बैठकीत सगळ्यात जास्त भांडण झालं होतं तेच. बाकी राहिले चौदा लाख, उरलेल्या पंधरा वर्षांचा हप्ता पावणेचौदा-चौदा हजाराच्या मध्ये. बसला. फ्लोटिंग दराच्या गृहकर्जाला आधी पैसे भरले म्हणून दंड लागत नाही. पण इथं एक लक्षात ठेवा, मोठी रक्कम भरली की बँक सहसा हप्ता तेवढाच ठेवून मुदत कमी करते. हप्ता कमी करून हवा असेल तर तसा अर्ज द्यावा लागतो. आम्ही तो त्याच दिवशी दिला.

बँकेनं अक्काच्या एकटीच्या नावावर कर्ज मंजूर केलं, एनओसी दिली, मग घराच्या हिश्श्याचा कागद. महाराष्ट्रात राहतं घर नवऱ्यानं बायकोला बक्षीसपत्रानं दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, वर स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा. मात्र हे नवरा-बायको असतानाच. घटस्फोटाचा हुकूम झाला की कायद्यानं ते परके, मग तोच हिस्सा द्यायला बाजारभावावर पूर्ण शुल्क. लोक हक्कसोडपत्र करू म्हणतात, पण त्याची नाममात्र शुल्काची सवलत वडिलोपार्जित मालमत्तेला आहे, विकत घेतलेल्या फ्लॅटला नाही. आमच्या वकील मॅडमनी हे वेळेत सांगितलं. संमतीच्या घटस्फोटात पहिला अर्ज आणि दुसरा अर्ज यांच्यात सहा महिने असतात, २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते माफ करता येतात असं म्हणलं आणि सगळ्यांना ते माफ करून घ्यायची घाई असते. आम्ही ते महिने वापरले. बँक, बक्षीसपत्र, नोंदणी, सगळं त्या काळात उरकलं आणि मग दुसऱ्या अर्जावर सह्या केल्या. मसुदा मात्र वकिलाकडूनच करून घ्या, कारण हिश्श्याच्या बदल्यात पैसे किंवा कर्ज असं काही त्यात आलं तर ते बक्षीस राहत नाही, मोबदला होतो आणि शुल्क बदलतं.

त्याच काळात वकील मॅडमनी अजून एक विचारलं ज्याचा आम्ही विचारच केला नव्हता. मधल्या काळात दोघांपैकी कुणाचं काही बरंवाईट झालं तर? वेगळं राहत असले तरी घटस्फोट होईपर्यंत नवरा-बायको एकमेकांचे वारस असतात, आणि कर्ज सगळं मागं राहिलेल्यावर येतं. दाजींच्या नावानं कर्जासोबत काढलेली विम्याची पॉलिसी होती. घरातून ते बाहेर पडले तर ती कुणासाठी? अक्कानं आता चौदा लाखाची साधी टर्म पॉलिसी काढलीय स्वतःच्या नावानं, हप्ता फार नाही, नॉमिनी आई. जे आत्ता या मधल्या काळात आहेत त्यांनी एवढं तरी करा. हप्ते कुणी किती भरायचे ते तात्पुरतं का होईना लिहून ठेवा, पैसे बँकेतूनच पाठवा, कर्जाच्या खात्याचे मेसेज दोघांच्या मोबाईलवर येतील असं बघा. बोलणं बंद असेल तरी मेसेज बंद ठेवू नका.

आता कर्जावर अक्काचं एकटीचं नाव आहे. दाजींच्या सिबिलमधून ते खातं बंद दिसायला थोडा वेळ लागला, तोपर्यंत त्यांना बँकेचं पत्र जपून ठेवायला सांगितलं होतं, आणि त्यांनी पुण्यात घर बघायला सुरुवात केलीय. सोसायटीनं शेअर सर्टिफिकेटवर बदल करून दिला. मिळकत कराचं बिल अजून दोघांच्या नावानं येतंय, महापालिकेत नाव बदलायला बक्षीसपत्राची प्रत आणि इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा) लागतो, अक्काला गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, सुट्टीत वेळ आहे तेव्हा दोघं जाऊन अर्ज देणार आहोत.